चावडी आणि चव्हाटा



संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो प्रश्नाच्या रूपात. लोकांनी मिळून इंटरनेटवर एक घर बांधलं. त्यांच्यातल्याच एका सदस्यानं त्या घरात घाण केली, मजकुराची नासधूस केली, खोटंनाटं घुसवलं. तर त्या समूहानं त्याचं नाव जाहीर करावं की करू नये? फोनवर संयोजक म्हणाले, "सर, यातलं तत्त्वज्ञान काय ते तुम्ही सांगा." आम्ही म्हटलं, तत्त्वज्ञान पळून जात नाही. आधी प्रत्यक्षात काय काय घडलंय ते बघू. कारण या प्रश्नावर माणसं उत्तर आधी देतात आणि उदाहरणं मागून गोळा करतात.

उत्तरं दोन्हीकडची तयारच असतात. एक पक्ष म्हणतो, चोराला चोर म्हणायला लाजायचं कशाला? करताना नाही लाजला, मग नाव आल्यावर का लाजावं? दुसरा पक्ष म्हणतो, खाजगीपणा हा हक्क आहे, टोपणनावाआडच्या माणसाला हात लावायचा नाही, विषय संपला. आम्हाला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. पहिल्यात राग आहे, पण विचार नाही. दुसऱ्यात तत्त्व आहे, पण ज्याचं नुकसान झालं त्या माणसाकडे लक्ष नाही.

आज आम्ही दोन प्रकरणं घेणार आहोत. दोन्ही अमेरिकेतली, दोन्ही जुनी. जुनी मुद्दाम घेतली, कारण धुरळा खाली बसल्यावर नीट दिसतं. आणि दोन्ही प्रकरणांवर एकेक गाजलेला लेख आहे, त्यामुळे टीका करायला आमच्या हातात काहीतरी ठोस आहे.

पहिलं प्रकरण १९९३ सालचं. तेव्हा आपल्याकडे इंटरनेट हा शब्दही फारसा कुणी ऐकला नव्हता. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रातल्या एका संगणकावर 'लॅम्डामू' नावाचं एक घर होतं. घर म्हणजे नुसते शब्द. चित्र नाही, आवाज नाही. तुम्ही लिहायचं 'मी दिवाणखान्यात आलो', आणि तिथे असलेल्या बाकीच्यांच्या पडद्यावर ते उमटायचं. पाव्हेल कर्टिस या संशोधकानं ते उभं केलं होतं. मार्च महिन्यातल्या एका रात्री 'मिस्टर बंगल' हे नाव घेतलेल्या एका सदस्यानं एक क्लृप्ती वापरली. दुसऱ्या सदस्यांच्या नावावर, जणू तेच करताहेत असं, आपल्याला हवं ते लिहिता येईल अशी ती क्लृप्ती. तिचा वापर करून त्यानं दोन-तीन पात्रांवर भर दिवाणखान्यात लैंगिक अत्याचाराची वर्णनं लादली. शरीराला कुणी स्पर्श केला नव्हता. पण ज्यांच्या बाबतीत हे झालं, त्यांना झालेला अपमान आणि मनस्ताप खराखुरा होता.

ज्युलियन डिबेल या पत्रकारानं त्याच वर्षी डिसेंबरात 'द व्हिलेज व्हॉइस'मध्ये यावर दीर्घ लेख लिहिला, 'अ रेप इन सायबरस्पेस'. आजही इंटरनेटवरच्या नीतीचा अभ्यासक्रम असला की हा लेख हमखास असतो. त्यात पुढची हकीकत आहे. पीडित सदस्यांनी मागणी केली की बंगलला कायमचं पुसून टाका. तिथे असं पुसणं ज्यांच्या हातात होतं त्या तंत्रज्ञांना 'विझर्ड' म्हणत, म्हणजे जादूगार. पण जादूगारांनी काही महिन्यांपूर्वीच जाहीर केलं होतं की सदस्यांच्या आपसातल्या भांडणात आम्ही पडणार नाही, तुमचं तुम्ही बघा. मग सभा भरली. चर्चा तासन्‌तास चालली. बंगल स्वतः तिथे येऊन गेला, आपण केलं तो एक मानसिक प्रयोग होता अशा थाटात बोलून गेला. सभेत निर्णय झाला नाही, कारण निर्णय कसा घ्यायचा याची पद्धतच नव्हती. शेवटी एका जादूगारानं एकट्यानं, त्याच रात्री, बंगलचं खातं पुसून टाकलं.

आता हा लेख आम्ही टीकाकाराच्या नजरेनं वाचतो तेव्हा त्याचा एक मोठा गुण दिसतो आणि एक दोषही. गुण असा, की डिबेल स्वतःवर शंका घेतो. आधी त्याला हे सगळं पोरकट वाटलं होतं, मग वाटेनासं झालं, हे तो लपवत नाही. आणि बंगलमागचा खरा माणूस कोण, ते तो सांगत नाही. त्या नावाची लेखाला गरजच पडत नाही. दोष असा, की लेख संपल्यावर वाचकाच्या डोक्यात राहतो तो बंगल. त्याचं ते विदूषकी रूप, त्याची भाषा, त्याचा उर्मटपणा. तीस वर्षं उलटून गेली, वर्गावर्गांतून बंगलचं नाव घेतलं जातं. ज्यांना त्रास झाला त्यांची नावं किती जणांना आठवतात? आम्हीही कधी काळी हा लेख शिकवला, आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत 'बंगल' हेच लिहिलं. हल्लेखोराला चव्हाट्यावर आणण्याचा हा पहिला परिणाम लक्षात घ्या. चव्हाट्यावर माणसाची बदनामी होते तशी प्रसिद्धीही होते, आणि काहींना दोन्ही सारखीच गोड लागते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पुढे असं बाहेर आलं, की बंगल हा एक माणूस नव्हताच. न्यूयॉर्कमधल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहातली कितीतरी मुलं त्या खात्यामागे होती, एकमेकांना चढवत होती. समजा, त्या सभेनं ठरवलं असतं की खातं ज्याच्या नावावर आहे त्याचं खरं नाव जगाला सांगू. तर सगळ्यांचं पाप एकाच्या माथी बसलं असतं. इंटरनेटवर खातं आणि माणूस यांच्यामध्ये नेहमीच एक फट असते. खात्यानं काय केलं, ते यंत्राच्या नोंदीतून कळतं. माणसानं काय केलं, याचा फक्त अंदाज बांधता येतो. समूहाला खात्याबद्दल खात्री असते, आणि तीच खात्री तो नकळत माणसाला लावतो.

आणि लॅम्डामू सुधारलं कशानं? बंगल गेल्यानं नाही. तो तर पुढे दुसरं नाव घेऊन परतही आला. सुधारणा झाली ती अशी, की कर्टिसनं नंतर अर्ज आणि मतदान यांची एक उघड पद्धत घालून दिली. कोणी मागणी करायची, किती जणांनी पाठिंबा द्यायचा, मत कसं घ्यायचं, हे सगळ्यांना माहीत असेल अशी पद्धत. त्या रात्री जे उणं होतं, ते हेच होतं.

आता दुसऱ्या प्रकरणाकडे वळू. हे विकिपीडियाचं, २००५ सालचं. विकिपीडिया तुम्ही सगळे वापरता. तिथला लेख कोणीही बदलू शकतो, आणि जो बदलतो तो निदान तेवढ्या क्षणापुरता त्या समूहाचा सदस्यच असतो. मराठी विकिपीडियावर नासधुशीला 'उत्पात' म्हणतात. शब्द चांगला आहे, कारण त्यात माणसाबद्दल काही नाही, कृतीबद्दल आहे.

जॉन सायगेन्थेलर हे अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार. १९६१ साली ते रॉबर्ट केनेडींचे सहायक होते. त्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या बसयात्रेवर माँटगोमेरी शहरात जमावानं हल्ला केला, तेव्हा प्रवाशांना वाचवायला गेले आणि स्वतः डोक्यावर मार खाऊन बेशुद्ध पडले. पुढे रॉबर्ट केनेडींच्या अंत्ययात्रेत शवपेटीला त्यांनी खांदा दिला. अशा माणसाबद्दल मे २००५ मध्ये विकिपीडियावर एक छोटा लेख आला. त्यात होतं, की जॉन आणि रॉबर्ट या दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्येत यांचा हात असल्याचा काही काळ संशय होता. वर आणखी, की १९७१ ते १९८४ हे सोव्हिएत संघात राहत होते. ज्याच्या पेटीला खांदा दिला, त्याच्याच खुनाचा संशय! हा मजकूर १३२ दिवस तिथे होता. आधी त्यांच्या एका मित्राच्या नजरेस पडला, मग त्यांच्या.

सायगेन्थेलर यांनी २९ नोव्हेंबर २००५ ला 'यूएसए टुडे'त यावर लेख लिहिला. हा दुसरा लेख. लेख संतापानं लिहिलाय, आणि तो संताप रास्त आहे. ज्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे संगणकाच्या त्या आकडी ओळखीवरून, मजकूर आला होता त्याचा माग त्यांनी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपर्यंत लावला. कोर्टात गेल्याशिवाय ग्राहकाचं नाव मिळणार नाही असं कळलं. कोर्टात ते गेले नाहीत. मात्र लेखात त्यांनी तो आयपी पत्ता छापला. विकिपीडियाच्या एका कडव्या टीकाकारानं तो आकडा उचलला आणि थोड्याच दिवसांत तो नॅशव्हिलमधल्या एका लहानशा कंपनीचा असल्याचं शोधून काढलं. तिथे काम करणाऱ्या एका माणसानं कबूल केलं की हे आपण केलं, सहकाऱ्याची गंमत करायला, आणि हे संकेतस्थळ गंभीर आहे असं आपल्याला वाटलंच नव्हतं. त्याचं नाव वर्तमानपत्रांत छापून आलं. त्यानं सायगेन्थेलर यांच्याकडे स्वतः माफीचं पत्र नेऊन दिलं, आणि नोकरीचा राजीनामा दिला.

त्या माणसाचं नाव आम्ही घेणार नाही. तुम्ही शोधलंत तर एका मिनिटात सापडेल. आज इतक्या वर्षांनंतरही सापडेल, आणि आमचा मुद्दा तोच आहे.

इथे सायगेन्थेलर यांनी जे केलं ते आम्हाला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं. लेखापेक्षाही मोलाचं. त्यांनी खटला भरला नाही. उलट त्या माणसाच्या मालकाला सांगितलं, याला परत कामावर घ्या. ज्याच्यावर हल्ला झाला तोच म्हणतोय, शिक्षा पुरे झाली. पण शिक्षा थांबवणं आता त्यांच्या हातात होतं का? नव्हतं. ती मालकाच्या हातात होती, वर्तमानपत्रांच्या हातात होती, शोधयंत्रांच्या हातात होती.

आता आमच्या व्याख्यानाला जे नाव दिलं आहे, त्याकडे येतो. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. चावडी आणि चव्हाटा. आपण बोलताना दोन्ही 'सार्वजनिक' या एकाच अर्थानं वापरतो, पण त्यांत फरक आहे. चावडी म्हणजे गावाचं कामकाज चालायची जागा. तिथे कोणीतरी बसलेलं असतं, दप्तर असतं, प्रकरण मांडलं जातं, ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलता येतं, निर्णय होतो आणि प्रकरण मिटतं. चव्हाटा म्हणजे चार रस्ते मिळतात ती जागा. तिथे बसलेलं कोणी नाही. जो येईल तो ऐकणार, आपल्या मनानं काही जोडणार आणि आपल्या रस्त्यानं पुढे नेणार. चव्हाट्यावर गेलेलं प्रकरण मिटत नाही, कारण ते मिटवण्याचा अधिकार तिथे कोणाकडेच नसतो.

आम्ही चावडीचं गुणगान करतोय असं मात्र समजू नका. ज्यांना चावडीची पायरीही चढू दिली जात नव्हती, त्यांना विचारा चावडीचा न्याय कसा होता. आमचं म्हणणं जुन्या गावगाड्याकडे परत जा असं नाही. आम्ही फक्त दोन प्रकारच्या उघडपणातला फरक सांगतोय. एका प्रकारात प्रकरण उघड होतं, दुसऱ्यात माणूस.

कांटनं १७९५ साली शाश्वत शांततेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याच्या परिशिष्टात त्यानं उघडपणाची एक कसोटी दिली आहे. दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंध येणारी कृती ज्या सूत्रावर उभी आहे, ते सूत्र जाहीर करता येत नसेल, तर ती कृती अन्यायाची. नावं जाहीर करणारे पुष्कळदा या कसोटीचा आधार घेतात. म्हणतात, पारदर्शकता हवी, लपवायचं कशाला? पण नीट वाचा. कांट उघड करायला सांगतोय ते सूत्र. ज्याच्या हातात सत्ता आहे, त्यानं आपला नियम उघड करावा. ज्याच्यावर सत्ता चालते त्याची कुंडली गावभर वाटा, असं त्यात कुठेही नाही. संकेतस्थळ चालवणाऱ्यांच्या हातात दार बंद करण्याची सत्ता आहे. म्हणून त्यांनी सांगायला हवं की कोणत्या नियमानं, कोणत्या पुराव्यावर, किती काळासाठी दार बंद केलं. एवढं सांगितलं की पारदर्शकता पुरी झाली. सदस्याचं नाव, गाव, नोकरी यांनी त्यात रतीभरही भर पडत नाही.

आता आम्हाला मुख्य गोष्ट सांगायची आहे. नाव जाहीर करण्यातला सर्वांत मोठा दोष आमच्या मते वेगळाच आहे. त्या नावाआड समूहाची स्वतःची चूक झाकली जाते.

सायगेन्थेलर प्रकरणात खरा प्रश्न कोणता होता? नॅशव्हिलमधल्या एका माणसाला असली चेष्टा का सुचली, हा? चेष्टा करणारे जगात नेहमीच असणार. खरा प्रश्न हा, की एका जिवंत माणसावरचा खुनाचा संशय १३२ दिवस तिथे होता आणि कोणाच्याही लक्षात का आला नाही. तो प्रश्न विकिपीडियाला होता. आणि विकिपीडियाच्या श्रेयासाठी सांगायला हवं, तो त्यांनी स्वतःला विचारला. त्याच डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियावर नोंदणी न केलेल्यांना नवा लेख सुरू करायला बंदी झाली. पुढे हयात व्यक्तींच्या चरित्रांबद्दल वेगळे, कडक नियम आले. निराधार, बदनामीकारक मजकूर दिसला की चर्चेची वाट न पाहता काढून टाका, अशा धर्तीचे. सायगेन्थेलर यांच्या लेखाचं खरं फळ हे आहे. हे फळ मिळायला त्या माणसाचं नाव लागलं नव्हतं. आकडा न छापता लेख आला असता तरी हेच झालं असतं. पण लोकांना तेव्हा काय आठवत होतं? 'तो सापडला.' सापडला म्हटलं की माणसांना वाटतं, झालं, प्रकरण संपलं.

विकिपीडियाच्या सदस्यांनी पुढे स्वतःसाठी एक शिकवण लिहून ठेवली. तिचा आशय असा, की उत्पात करणाऱ्याला ओळख नाकारा. मजकूर मुकाट्यानं पूर्ववत करा, खातं बंद करा, पुढे चला. वादावादी नको, जाहीर पाणउतारा नको, कारण त्याला तेच हवं असतं. दुसऱ्या सदस्याची खाजगी माहिती त्यानं स्वतः दिलेली नसताना उघड करणं, हा तिथे छळाचा प्रकार धरला जातो. मात्र त्याच विकिपीडियावर वर्षानुवर्षं त्रास देणाऱ्यांची सविस्तर पानंही आहेत, त्यांच्या सवयी, त्यांची टोपणनावं, त्यांचा सगळा इतिहास. पहारा करणाऱ्यांना ती उपयोगी आहेत हे मान्य. पण एखाद्याला त्यात आपलं पान म्हणजे मानचिन्ह वाटलं तर? हा विरोध तिथे मिटलेला नाही. आणखी एक विसंगती होती. खातं उघडणाऱ्याचा आयपी पत्ता झाकला जायचा, आणि खातं न उघडता, भाबडेपणानं एखादा शब्द दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता मात्र इतिहासात सगळ्यांना दिसत राहायचा. अलीकडे त्याऐवजी तात्पुरतं खातं देण्याची पद्धत आणली गेली. याला वीस वर्षं लागली, पण दिशा बरोबर आहे.

आता आक्षेप. तीन आक्षेप आम्हाला गंभीर वाटतात.

पहिला आक्षेप पीडिताचा. ज्याच्यावर चिखल उडाला, त्याला तो कोणी उडवला हे कळण्याचा हक्क नाही का? आहे. पूर्ण आहे. पण पीडिताला कळणं वेगळं आणि जगाला कळणं वेगळं. सायगेन्थेलर यांना त्या माणसाचं पत्र हातात मिळालं, त्याचं म्हणणं कळलं, आणि त्यांचा राग निवला. जगाला फक्त नाव मिळालं. जॉन ब्रेथवेट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं १९८९ च्या आपल्या पुस्तकात लज्जेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, कृत्याचा निषेध करून माणसाला परत आत घेणारी लज्जा. दुसरी, माणसाच्या कपाळावर कायमचा शिक्का मारणारी. पहिलीनं गुन्हे कमी होतात, दुसरीनं वाढतात, असं त्याचं प्रतिपादन आहे. पहिली लज्जा ओळखीच्या माणसांतच शक्य असते. ज्यांनी मला कधी आपलं म्हटलंच नाही, ते मला परत आत घेणार कसे?

दुसरा आक्षेप सावध करण्याचा. नाव सांगितलं नाही तर तोच माणूस दुसरीकडे जाऊन तेच करेल. यात तथ्य आहे. पण त्यासाठी उघड काय करायचं ते बघा. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियावर एक मोठी टोळी सापडली. नाकारलेले लेख हेरायचे, त्या कंपन्यांना, व्यक्तींना गाठायचं, पैसे घेऊन लेख छापून आणायचे, आणि पुढे लेख टिकवण्यासाठी पुन्हा पैसे मागायचे. ३८१ खाती बंद झाली. विकिपीडियानं तेव्हा खात्यांची यादी जाहीर केली, लेखांची यादी जाहीर केली, फसवणुकीची पद्धत तपशीलवार सांगितली, म्हणजे फसलेले आणि फसू शकणारे सावध होतील. जे उघड करायला हवं होतं ते सगळं उघड झालं, आणि त्यात कोणाच्या घरचा पत्ता नव्हता. आमच्या दृष्टीनं हा धडा गिरवण्यासारखा आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड. हल्ला करणारा दुबळा नसून बलवान असेल तर? २००७ साली 'विकिस्कॅनर' नावाचं एक साधन आलं. कोणत्या संस्थेच्या जाळ्यातून कोणता लेख बदलला गेला, ते त्यात दिसायचं. मतदान यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या संगणकांवरून त्या यंत्रांवरची टीका गाळली गेली होती, हे त्यातून बाहेर आलं. अशा वेळी नाव घ्यायचं नाही? घ्यायचं, आणि ठणकावून घ्यायचं. कारण तिथे संस्था सामान्य वाचकाचा मुखवटा घालून आलेली असते. मुखवटा काढला नाही, तर हल्ला काय होता हेच कळत नाही. संस्थेला उत्तर द्यायला माणसं असतात, वकील असतात, आणि सार्वजनिक जबाबदारीही असते. पण तिथेही नाव संस्थेचं. बटण दाबणाऱ्या कारकुनाचं नव्हे.

आता थोडं आपल्याकडचं. समूहानं मिळून एका माणसाचं जगणं अडवणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला पुस्तकातून शिकावं लागत नाही. आपल्याकडे त्याला वाळीत टाकणं म्हणतात. पाणी बंद, बोलणं बंद, लग्नकार्याला कोणी येणार नाही, मयताला खांदा मिळणार नाही. याविरुद्ध आपल्या विधिमंडळानं २०१६ साली खास कायदा केला, आणि २०१७ पासून तो अमलात आहे. सामाजिक बहिष्कार टाकणं हा त्यानुसार गुन्हा आहे. एखाद्या मंडळानं सदस्याचं सभासदत्व रद्द करणं आणि त्याला वाळीत टाकणं यांतला फरक आपल्याला कळतो. खातं बंद करणं म्हणजे सभासदत्व रद्द करणं. तो समूहाचा अधिकार आहे, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. नाव जगाला देणं म्हणजे त्याच्या दुसऱ्या सगळ्या दारांशी जाऊन उभं राहणं. प्राचीन अथेन्समध्ये मतानं हद्दपार करण्याची प्रथा होती. खापरांवर नाव कोरून नागरिक मत द्यायचे. कठोर होती ती प्रथा. पण मुदत ठरलेली, दहा वर्षं. मालमत्ता शाबूत राहायची, आणि दहा वर्षांनी माणूस पूर्ण नागरिक म्हणून परत यायचा. शोधयंत्राला दहा वर्षं म्हणजे काय ते कळत नाही.

एक आठवण सांगून आटोपतं घेतो. सांगावी की नाही यावर आम्ही विचार केला. पण इतका वेळ दुसऱ्यांच्या लेखांवर टीका केली, तेव्हा स्वतःचा एक लेखही समोर ठेवायला हवा. तो एका ओळीचा होता.

आम्ही एका महाविद्यालयात शिकवत असताना ग्रंथालय समितीवर होतो. संदर्भग्रंथांतली पानं फाडली जात होती. परीक्षेच्या आधी तर प्रकरणंच्या प्रकरणं गायब. शेवटी एक विद्यार्थी पकडला गेला. दप्तरात पानं सापडली, शंकेला जागा नव्हती. समितीत ठरलं की सूचनाफलकावर नाव लावायचं, बाकीच्यांना जरब बसेल. मजकूर आम्ही लिहिला. अक्षर चांगलं म्हणून. नाव, वर्ग, तुकडी, आणि 'ग्रंथांची पाने फाडताना आढळला'. आठवडाभर तो कागद फलकावर होता. मग आम्ही काढला, आणि आमच्या दृष्टीनं प्रकरण संपलं. त्या मुलाचं नाव मात्र 'पानफाड्या' पडलं. वर्गात, कँटीनमध्ये, स्टँडवर. पुढच्या वर्षी त्यानं कॉलेज बदललं. बऱ्याच वर्षांनी त्याच गावातल्या एका लग्नात आम्ही जेवायला बसलो होतो. वाढणाऱ्यांपैकी कोणीतरी पंगतीच्या टोकाशी बघून हसत ओरडलं, "अहो पानफाडे, मठ्ठा घ्या." केस पिकायला लागलेला एक गृहस्थ मान खाली घालून जेवत होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. आम्हीही उठून त्याच्यापाशी गेलो नाही.

तो दोषी होता, मित्रहो. हे विसरू नका. निर्दोष माणसाचं नाव लागलं असतं तर सगळ्यांनीच हळहळ केली असती, त्यात काही कठीण नाही. आमचा मुद्दा दोषी माणसाबद्दलचा आहे. आणि आणखी एक. त्या कागदावर आम्ही कुठेही लिहिलं नव्हतं, की तीनशे विद्यार्थ्यांना तो संदर्भग्रंथ एकच होता, झेरॉक्सची सोय नव्हती, आणि वाचनकक्ष पाचला बंद व्हायचा. ते समितीचं काम होतं. नाव लावल्यावर त्या कामाची आठवण कोणाला राहिली नाही.

म्हणून संयोजकांच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. कृत्य उघड करा, पुरावा उघड करा, नियम उघड करा, आणि आपली कुठे चूक झाली तेही तितक्याच मोठ्या अक्षरांत उघड करा. दार बंद करायचं तर करा, पण किती काळासाठी ते सांगा आणि परत यायची वाट ठेवा. पीडिताला जे कळायला हवं ते त्याला कळवा. जिवाला धोका असेल, मुलांचा प्रश्न असेल, तर पोलिसांत जा, तिथे संकोच नको. बलवान संस्था मुखवटा घालून आली तर मुखवटा काढा. आणि एकट्या माणसाचं नाव मात्र चव्हाट्यावर टाकू नका, कारण ते परत उचलून आणणं तुमच्या हातात नसतं.

जी माणसं अशी संकेतस्थळं फुकट राबून चालवतात, रात्री-अपरात्री उत्पात निस्तरतात, शिव्या आणि धमक्या खातात, त्यांना हे ऐकून वाटेल, म्हाताऱ्याला खुर्चीत बसून बोलायला काय जातंय. त्यांचं खरं आहे. राग आलेल्या माणसाला फलक समोर दिसत असतो आणि खडूही हातात असतो. आम्हालाही दिसला होता. म्हणूनच सांगितलं.